मागच्या इंजिनावरची माणसे

पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतच्या फलाटाला लागली, की डब्यातील बहुतेक प्रवाशांचे लक्ष दिवाडकरांच्या बटाटावड्याकडे जाते, आणि हा थांबा त्यासाठीच असावा असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. परंतु ज्या दोन-चार मिनिटांत खिडकीतून पैसे बाहेर जातात आणि कागदात बांधलेला वडा आत येतो, त्याच मिनिटांत गाडीच्या शेपटाकडे दोन किंवा तीन इंजिने हळूहळू येऊन शेवटच्या डब्याला भिडतात, कपलिंग अडकवले जाते, ब्रेकच्या नळ्या जोडल्या जातात, आणि पुढचा चालक व मागचा चालक यांच्यात शिट्यांची ठरावीक देवाणघेवाण झाल्यावाचून गाडी जागची हलत नाही. या मागच्या इंजिनांना रेल्वेत बँकर म्हणतात. बोरघाटाच्या माथ्यापर्यंत गाडी मागून लोटीत न्यावयाची, लोणावळ्याला सुटे व्हावयाचे, आणि रिकाम्या हाताने पुन्हा घाट उतरून कर्जतला पुढच्या गाडीची वाट पाहत उभे राहावयाचे, हा त्यांचा नित्यक्रम आहे. त्या इंजिनांवर जी माणसे बसतात त्यांचे तोंड प्रवाशाला कधी दिसत नाही, आणि गाडी वेळेवर पुण्याला पोहोचली असता तिचे श्रेय त्यांच्याकडे वळते असेही कधी ऐकिवात नाही.

या माणसांच्या धंद्याखालची जमीन गेल्या काही वर्षांत सरकू लागली आहे. ज्या गाड्यांना बँकरची गरजच नाही अशा गाड्या घाट चढू लागल्या आहेत. यंत्रांचा ताफा बदलला की त्या ताफ्यावर पोट असलेल्या माणसांचे काय होते, हा प्रश्न विमान कंपन्यांच्या संदर्भात वारंवार विचारला जातो. कारण विमानचालकाचा हुद्दा मोठा, वेतन मोठे, आणि कंपनी बुडाली की तिची बातमीही मोठी. परंतु तोच प्रश्न कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांच्या कुशीत, सह्याद्रीच्या पायथ्याशी, जवळजवळ पावणेदोनशे वर्षे निरनिराळ्या रूपांत उभा आहे, आणि त्याचा इतिहास पाहिल्यावाचून आजची चिंता नीट समजणार नाही असे मला वाटते.

घाटाची अडचण आकड्यांत फार थोडक्यात सांगता येते. पळसदरीपासून लोणावळ्यापर्यंत सुमारे पंधरा मैलांत लोहमार्ग १,८३१ फूट चढतो, आणि त्याची सर्वांत तीव्र चढण ३७ ला १ अशी आहे. म्हणजे ३७ फूट पुढे गेले की एक फूट वर. एक हजार टन वजनाची गाडी अशा चढणीवर नुसती धरून ठेवावयाची म्हटले, तरी सत्तावीस टनांचा जोर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध लावावा लागतो. तिला चालवावयाचे, वळणांवरचे घर्षण सोसावयाचे, मध्येच सिग्नल लागल्यास थांबून पुन्हा उचलावयाचे, हा हिशेब त्यावर निराळा. हा सारा जोर पुढच्या एकट्या इंजिनाने लावावा म्हटले, तर ओल्या रुळांवर त्याची चाके जागच्या जागी फिरू लागतात आणि सगळ्या गाडीचा भार पहिल्या काही डब्यांच्या कपलिंगवर येतो. मागून लोटणारे इंजिन दोन कामे एकदम करते: ते जोर पुरवते, आणि कपलिंगवरचा ताण अर्ध्यावर आणते. म्हणून बँकर आले. आणि ते ज्या गावी उभे राहावयाचे त्या कर्जतला चालक आले, त्यांचे साहाय्यक आले, दुरुस्तीचे कारागीर आले, त्यांची घरे, शाळा आणि दुकाने आली.

परंतु इंजिनांच्या आधी माणसेच गाडी घाटावर नेत असत, आणि ती माणसे खोपोलीची होती. बोरघाटातून गाडीवाट १८३० साली, सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना, खुली झाली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८५६ साली घाटाखाली खोपोलीपर्यंत येऊन थांबला, आणि घाटावर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा तुकडा १८५८ च्या जून महिन्यात सुरू झाला. मधला डोंगर मात्र फुटावयाचा होता. म्हणून पुढची पाच वर्षे मुंबईचा उतारू खोपोलीला आगगाडीतून उतरे, पालखीत, तट्टावर अथवा बैलगाडीत बसून घाट चढे, आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडीत बसे. इंग्रजी दप्तरात ‘कॅम्पुली’ म्हणून नोंदले गेलेले ते खोपोली या काळात भोई, तट्टूवाले आणि गाडीवान यांनी गजबजले असले पाहिजे. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटाच्या मार्गाचे उद्घाटन झाले, भाषणे झाली, मेजवानी झाली. आणि मुंबई-पुण्याचा उतारू त्यानंतर खोपोलीला उतरेनासा झाला. खोपोली मुख्य रस्त्यावरून बाजूला पडून एका फाट्याच्या टोकाला गेले, ते आजही लोकलच्या एकेरी मार्गाच्या शेवटी आहे. भोयांच्या पोटापाण्याची चौकशी करणारा एखादा हुकूम त्या वेळी निघाला असता, तर त्याचा उल्लेख घाटाच्या इतक्या तपशीलवार वर्णनांत कोठे तरी आला असता.

घाट बांधणाऱ्यांची कथा त्याहून कठोर आहे. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी रेखाटलेल्या या मार्गावर पंचवीस बोगदे आणि आठ मोठे पूल उभे राहिले, आणि कामाच्या भरात बेचाळीस हजारांपर्यंत मजूर एका वेळी डोंगरावर होते. पटकी आणि हिवतापाने हजारो माणसे मेली. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून मजुरांचा उद्रेक झाला. पहिला मक्तेदार फॅव्हिएल याने काम सोडले. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, या देशात पाऊल ठेवल्यानंतर काही आठवड्यांतच वारला, आणि त्याची पत्नी ॲलिस हिने मक्ता पुढे चालवून तो पुरा करून घेतला. बर्कली स्वतः मार्ग पुरा होण्याआधी, १८६२ साली, इंग्लंडात निवर्तले. या इंग्रज नावांच्या शेजारी घाटातल्या लोकांनी आपले एक नाव ठेवले आहे: शिंग्रोबा. डोंगरातून वाट कोठून काढावी हे ज्या धनगराने साहेबाला दाखवले, आणि इनाम काय पाहिजे असे विचारल्यावर ज्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले म्हणून त्याला गोळी घालण्यात आली, तोच हा शिंग्रोबा, अशी कथा सांगतात. जुन्या रस्त्याने घाट चढणारा वाहनचालक आजही त्याच्या देवळापाशी क्षणभर थांबतो. कथेच्या ऐतिहासिक सत्यतेचा निवाडा करण्याचे मला प्रयोजन नाही. वाट माहीत असणे हे एक ज्ञान आहे आणि ते ज्ञान घेणाऱ्याने देणाऱ्याचे देणे बुडवले, ही जाणीव या डोंगराखालच्या माणसांनी इतकी वर्षे जपली, एवढी नोंद पुरे आहे.

यानंतर सहासष्ट वर्षे घाटावर वाफेचे राज्य होते. खंडाळ्याच्या अलीकडे एक उलट-स्थानक होते, तेथे गाडीला तोंड फिरवून पुढची चढण घ्यावी लागे. १९२९ च्या सुमारास मार्गाची आखणी बदलून ते काढून टाकण्यात आले, आणि त्याच वेळी कल्याणपासून पुण्यापर्यंतचा मार्ग विजेवर आला. कल्याणजवळच्या चोळे येथे रेल्वेने आपले स्वतःचे वीजगृह उभारले. घाटासाठी मालगाडीची जी इंजिने आली ती स्वित्झर्लंडच्या विंटरथूरमध्ये आणि इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत बनलेली होती, संख्येने एकेचाळीस, सुमारे २,६०० अश्वशक्तीची, पुढे-मागे लांब सोंडा असलेली आणि चाकांना आडव्या दांड्यांनी जोडलेली. परदेशी शौकीन तशा घाटणीच्या इंजिनाला मगर म्हणत. आपल्याकडच्या चालकांनी त्याचा खेकडा केला. त्यांपैकी ‘सर लेस्ली विल्सन’ हे नाव धारण करणारे इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जतन केलेले आहे. पुढच्याच वर्षी, १ जून १९३० रोजी, डेक्कन क्वीन सुरू झाली, आणि विजेच्या युगाचा तो मंगलकलश ठरला.

संग्रहालयात इंजिन ठेवता येते. त्याने ज्या हातांची जागा घेतली ते हात ठेवता येत नाहीत. वाफेच्या इंजिनाच्या पाठीशी कोळसा फेकणारा होता, राख काढणारा होता, बॉयलर धुणारा होता, पाणी भरणारा होता. पळसदरीचा तलाव मुळात याच पाण्यासाठी बांधलेला. विजेच्या इंजिनावर यांपैकी एकाही कामाला जागा नव्हती. ज्याने पंधरा-वीस वर्षे आगवाला म्हणून उमेदवारी केली आणि त्या आगीच्या रंगावरून, बाष्पाच्या आवाजावरून चढण कोठे कडक होते हे ओळखण्याची विद्या मिळवली, त्याला एका सकाळी आगच नसलेल्या इंजिनावर नव्याने धडे गिरवावे लागले. मात्र कर्जत वाचले, कारण वीज आली तरी ३७ ला १ ही चढण तशीच राहिली, आणि मागून लोटण्याचे काम संपले नाही.

त्यानंतरचे बदल मी झपाट्याने सांगतो, कारण त्यांचा घाट एकच आहे. सत्तरीच्या दशकात चित्तरंजनच्या कारखान्यात बनलेली डब्ल्यू.सी.जी. २ जातीची सत्तावन्न इंजिने एकदिश विजेवर चालणारी, आणि त्यांतील अनेक या घाटात बँकर म्हणून झिजली. पुढे मध्य रेल्वेने १,५०० व्होल्टची एकदिश वीज सोडून २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज घेतली. घाटातले काम आधी झाले, आणि मुंबईत हार्बर मार्गावर २०१६ साली एकदिश विजेवरची शेवटची लोकल धावली. जुनी इंजिने भंगारात गेली, त्यांच्या जागी डब्ल्यू.ए.जी. ७ सारखी इंजिने बँकर म्हणून उभी राहिली, आणि ज्या चालकाचे दाखले जुन्या जातीचे होते त्याने वर्गात बसून, परीक्षा देऊन, नव्या जातीचा दाखला घेतला. या स्थित्यंतरात कर्जतची नोकरी हलली नाही. फक्त विद्या बदलली. रेल्वेने प्रशिक्षणाची तरतूद केली, मुदत दिली, आणि म्हणून बदल बिनतक्रार पार पडला, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे.

कर्जत तालुक्यातच, नेरळहून माथेरानला जाणाऱ्या १९०७ सालच्या छोट्या रेल्वेवर, अगदी अलीकडेपर्यंत डब्याडब्यावर माणूस बसत असे आणि चालकाच्या शिटीच्या इशाऱ्याबरोबर हाताने ब्रेक आवळीत असे. २०१६ च्या मे महिन्यात गाडी रुळांवरून घसरल्याच्या घटनांनंतर सेवा बंद पडली आणि ती पुन्हा सुरू करताना डब्यांना हवेचे ब्रेक बसवण्यात आले. प्रवाशांच्या जिवाचा प्रश्न असताना हाच निर्णय योग्य होता. तरीही शंभरावर वर्षे हाताच्या पंज्यात राहिलेले एक कौशल्य एका दुरुस्तीने अनावश्यक झाले, याची दखल कोणी तरी घ्यावयास हवी म्हणून मी ती येथे घेत आहे.

आता आजच्या प्रश्नाकडे येतो. २०१९ साली मध्य रेल्वेने गाडीच्या दोन्ही टोकांना इंजिन लावून, पुढचे ओढीत आणि मागचे लोटीत, अशा पद्धतीने राजधानी एक्स्प्रेस कसारा घाटातून बँकरवाचून नेली, आणि त्याच पद्धतीचे प्रयोग पुण्याच्या मार्गावरही केले. १० फेब्रुवारी २०२३ रोजी पंतप्रधानांनी मुंबईहून सोलापूरला आणि शिर्डीला जाणाऱ्या दोन वंदे भारत गाड्यांना हिरवा झेंडा दाखवला. यांतील सोलापूरची गाडी बोरघाटातून जाते. या गाडीला स्वतंत्र इंजिनच नाही. तिच्या निम्म्या डब्यांखाली विजेची चक्रयंत्रे आहेत, त्यामुळे जोर साऱ्या गाडीत वाटला जातो, कपलिंगवर ताण साचत नाही आणि ३७ ला १ ची चढण ती स्वतःच्या बळावर चढते. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या अमृत भारत गाड्यांनाही दोन्ही टोकांना इंजिने आहेत. दिशा स्पष्ट आहे. प्रवाशाची पाव तासाची बचत आणि घाटाखाली खोळंबणाऱ्या गाड्यांची मोकळी झालेली वाट ही खरी, मोलाची गोष्ट आहे, आणि तिच्या आड यावे असे घाटातला कोणताही चालक म्हणणार नाही.

प्रश्न निराळा आहे. रेल्वेतल्या चालकाला कोणी घरी पाठवीत नाही. २०२४ सालच्या सहाय्यक लोको पायलटांच्या भरतीत जागांचा आकडा वाढून १८,७९९ झाला. देशाला चालक कमी पडत आहेत, जास्त नाहीत. म्हणजे या माणसाची नोकरी जात नाही, परंतु ती कर्जतला राहील असे त्याला कोणी सांगत नाही. काम घटले की ज्याला रेल्वेच्या भाषेत ‘सरप्लस’ म्हणतात त्या यादीत नाव येते, आणि मग बदली. कामाचे वेळापत्रक, ज्याला सगळे ‘लिंक’ म्हणतात, ते बदलले की कोणाला आठवड्यात किती रात्री घरी झोपता येईल हे बदलते. चालकाच्या मिळकतीचा मोठा हिस्सा धावलेल्या अंतरावरील भत्त्याचा असल्याने, काम बदलले की घरखर्चाचा मेळ बदलतो. ज्याने कर्जतमध्ये किंवा खोपोलीच्या बाजूला कर्ज काढून घर घेतले, ज्याची मुले येथल्या शाळेत आहेत, ज्याचे आईवडील येथे म्हातारे झाले, त्याच्या लेखी ‘कोणीही बेकार होणार नाही’ हे आश्वासन अर्धेच आहे. त्याच्या पोटाची चिंता मिटते. त्याच्या घराची चिंता तशीच राहते.

विमानचालकांची परिस्थिती पाहिली असता या अर्ध्या आश्वासनाचीही किंमत कळते. विमान चालवण्याचा परवाना एक, आणि विशिष्ट जातीचे विमान चालवण्याचा दाखला दुसरा; ताफा बदलला की दुसरा दाखला निरुपयोगी होतो आणि नव्याचा खर्च लाखांत जातो. आपल्याच प्रांतातले उदाहरण सांगतो. ‘उडान’ योजनेखाली २३ डिसेंबर २०१७ रोजी एअर डेक्कनने मुंबईहून जळगावला उड्डाण सुरू केले, नाशिकही त्या नकाशावर आले, आणि खानदेशात आनंद झाला. विमाने बीचक्राफ्ट १९०० डी जातीची, एकोणीस आसनी. त्या जातीची विमाने या देशात फार थोडी. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत कंपनीने उड्डाणे थांबवली आणि कर्मचाऱ्यांना बिनपगारी रजेवर जाण्यास सांगितले. त्याआधी वर्षभर, १७ एप्रिल २०१९ च्या रात्री, जेट एअरवेजचे शेवटचे विमान उडाले होते. विमाने भाड्याची होती, मालकांनी ती परत नेली, आणि हजारो माणसांचे पगार थकले. छोट्या मार्गावरचा, छोट्या विमानावरचा चालक अशा वेळी सर्वांत उघडा पडतो, कारण त्याच्या हातातले कौशल्य ज्या यंत्राशी बांधलेले असते ते यंत्रच देशाबाहेर जाते. रेल्वेत सरकारी नोकरीची सनद आहे म्हणून चालक तितका उघडा पडत नाही; परंतु बदल होणार हे यंत्र विकत घेणाऱ्याला चार वर्षे आधी कळते आणि यंत्र चालवणाऱ्याला चार आठवडे आधी, हे दोन्हीकडे सारखेच दिसते. चिंता उत्पन्न करते ते यंत्र नव्हे, हे मौन होय. नव्या गाड्यांच्या मागण्या कारखान्याकडे नोंदवल्या जातात तेव्हाच त्यांच्यामुळे कोणत्या ठाण्यावरचे किती काम कोणत्या वर्षी घटेल याचा अंदाज बांधता येतो. तो अंदाज चालकांच्या हजेरीच्या लॉबीतील फलकावर लावण्यास कोणताही खर्च येत नाही.

याखेरीज एक बाब आहे, आणि तिच्यात केवळ दयाबुद्धीचा प्रश्न नाही. ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल ही नावे प्रवाशाला खिडकीतून दिसणारी धबधब्यांची ठिकाणे आहेत. चालकाला ती ब्रेकची ठिकाणे आहेत. उतरणाऱ्या गाडीने ठरावीक जागी थांबून ब्रेकची खात्री द्यावी लागते, आणि ताबा सुटलेल्या गाडीला अडवण्यासाठी चढणीकडे वळणारे कॅच सायडिंग घाटात ठेवलेले आहेत. आषाढात धुके इतके दाट उतरते की सिग्नल हाताच्या अंतरावर आल्यावाचून दिसत नाही, रुळांवर पाला कुजून निसरडा थर बसतो, वाळू केव्हा सोडावयाची आणि जोर केव्हा कमी करावयाचा हे मीटरपेक्षा बूड ज्या आसनावर टेकले आहे त्याच्या थरथरण्यावरून आधी कळते. दरडी कोसळतात, २०१९ च्या पावसाने घाटाची जी हानी केली तिच्या दुरुस्तीसाठी कित्येक महिने गाड्या रद्द कराव्या लागल्या. नव्या गाडीत यंत्र पुष्कळ गोष्टी स्वतः सांभाळते हे मान्य. तरी धुक्यात दरड पाहून ब्रेक लावण्याचा निर्णय काचेमागच्या माणसालाच घ्यावयाचा आहे, आणि मुंबईहून आलेल्या त्या माणसाला हा घाट कर्जतच्या बँकरवाल्याइतका ठाऊक असण्याचे कारण नाही. बँकरवाला हाच घाट दिवसातून अनेकदा, दोन्ही दिशांनी, बारा महिने पाहतो.

म्हणून माझे म्हणणे असे आहे, की ज्या चालकांचे बँकरवरचे काम घटेल त्यांतील अनुभवी माणसांना घाटाचे शिक्षक म्हणून कर्जतलाच नेमावे, आणि वंदे भारतसारख्या गाड्यांवर येणाऱ्या प्रत्येक चालकाने घाटाची ओळख त्यांच्या शेजारी बसून, निदान एक पावसाळा, करून घ्यावी. मालगाड्यांना तर पुढची अनेक वर्षे मागचे इंजिन लागणारच आहे. कोळसा, सिमेंट आणि डबेबंद माल वाहणाऱ्या जड गाडीखाली सर्वत्र चक्रयंत्रे बसवण्याची सोय नाही. तेव्हा हे ज्ञान उद्या कामाचे नाही असे समजून त्याची वारसापरंपरा तुटू देणे धोक्याचे ठरेल. उरलेल्यांसाठी दुसरी वाट तालुक्यातच तयार होत आहे. पनवेलहून कर्जतला येणारा उपनगरी मार्ग, चिखले, मोहपे आणि खालापूर तालुक्यातील चौक या स्थानकांवरून, २,६२५ मीटर लांबीच्या वावर्ले बोगद्यातून, सुमारे तीस किलोमीटर येतो. तो सुरू झाला की त्यावरच्या लोकलला मोटरमन लागतील, गार्डच्या जागी आता ज्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात ते लागतील, आणि त्यांची ठाणी कर्जतला ठेवता येतील. त्या जागांसाठी कर्जतच्या बँकर चालकांचे विकल्प आधी मागवावेत, प्रशिक्षणाची मुदत मार्ग सुरू होण्यापूर्वी संपेल अशी आखावी, आणि कोण कोठे जाणार याची यादी शाळांचे जून महिन्याचे प्रवेश होण्याआधी, मार्च अखेरीस, प्रत्येकाच्या हातात पडावी.